गाडी कोण चालवत होतं?

गेल्या आठवड्यात सांडोरला, आमच्याच गल्लीच्या वळणावर, आमच्या गाडीने हिराबाईला पाडलं. तेव्हापासून मला धड झोप नाही... म्हणून हे लिहिते आहे.

हिराबाई म्हणजे पाचूबंदरची आमची मासेवाली. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून तिची टोपली रोज आधी आमच्या ओट्यावर उतरते. आमच्याकडे बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय ती पुढच्या दारी जात नाही. तिचा उजवा हात मनगटापाशी मोडला. बोंबील आणि कोळंबी रस्ताभर झाली, त्यावर मांजरी जमल्या, आणि माझ्या शेजारच्या सीटवर माझे यजमान जेरोम स्टीअरिंग धरून पुतळ्यासारखे बसले होते.

तिला हॉस्पिटलमध्ये पोहोचवून घरी आल्यावर समजलं, की साहेबांचं लायसन्स कधीच संपलं आहे. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. मोतीबिंदूमुळे तो मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून गेलेच नाहीत. मला रोज बाजूला बसवून चर्चमध्ये मिस्साला नेत होते... आणि वर मी कधी चालवलीच, तर ब्रेक लवकर दाबते म्हणून मलाच ऐकवत होते!

संध्याकाळी डॉमनिक आला. आमचा इन्शुरन्स एजंट, नात्यातला, रविवारी चर्चमध्ये पहिलं वाचन करतो. चहा पिता पिता त्याने सोपा उपाय सांगितला. माझं लायसन्स चालू आहे, तेव्हा गाडी मी चालवत होते असं सांगायचं. सगळे तसंच करतात, त्यात काही पाप नाही, असंही म्हणाला. वेदीवर देवाचं वचन वाचणारा माणूस माझ्या सोफ्यावर बसून मला खोटं बोलायचे धडे देत होता.

मी त्याला दार दाखवलं. नणंदेने फोनवर मला समजावलं, दिराने समजावलं. या वयात जेरोमला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार का, असं सगळ्यांचं म्हणणं. हिराबाईच्या हाताबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा पोलीस स्टेशनला गेले. काय बोलायचं ते रिक्षात घोकून ठेवलं होतं. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, की जखमी बाईचा जबाब हॉस्पिटलमध्येच झाला आहे... आणि त्यात गाडी मी चालवत होते असं ती म्हणाली आहे.

आता खरं सांगितलं तर मी हिराबाईला खोटं पाडणार. नाही सांगितलं, तर डॉमनिक आणि मी एकाच माळेचे मणी. घोकलेलं सगळं तसंच पोटात घेऊन बाहेर पडले.

माणिकपूरला माझी एक जुनी वर्गमैत्रीण वकील आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग मला झापलं. लायसन्स नसलं तरी जखमी माणसाचा भरपाईचा हक्क जात नाही. अशा वेळी बरेचदा कोर्ट इन्शुरन्स कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग कंपनी ती गाडीमालकाकडून वसूल करते. पण वळणावरच्या दुकानाला कॅमेरा आहे. जबाब खोटा निघाला तर हिराबाईच्याच दाव्यावर संशय येईल. म्हणजे हात तिचा मोडला आणि आमच्या खोट्यापायी तीच लटकणार.

तिथून थेट पाचूबंदर गाठलं. हिराबाई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती, सून वेणी घालत होती. डॉमनिक आदल्या रात्रीच हॉस्पिटलमध्ये तिच्याकडेही जाऊन आला होता. जेरोमभाऊंचं नाव घेतलंस तर दमडी मिळणार नाही, असं सांगून. पण तिचं कारण वेगळंच निघालं.

"पैशाचं जाऊ दे गं बाय. ज्या दारात माझी बोहनी होते, त्या दारात मी पोलीस कसा धाडू?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. जेरोम. माझ्या मागोमाग रिक्षा करून आले होते आणि उंबऱ्यात उभे होते. कालपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस.

"हिराबाई, गाडी मी चालवत होतो. मला नीट दिसत नाही. तू माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

सुनेच्या हातातून वेणी सोडवत ती त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "दिसत नाय तर गाडीत बसलास कशाला, मेल्या?"

मीही इतक्या वर्षांत त्यांना मेल्या म्हटलं नव्हतं. म्हणायला हवं होतं.

नंतर तिघं मिळून पोलीस स्टेशनला गेलो. तिने पुरवणी जबाब दिला, यांनी आपला दिला. यांच्यावर केस झाली आहे. आमच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम बुडाल्यात जमा. हिराबाईचा दावा माझी मैत्रीण चालवणार आहे, तो किती लांबेल कोण जाणे... गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मी स्वतः घेतली आहे. डॉमनिकने आमच्याशी बोलणं सोडलं आहे, तेवढाच आराम.

पण खरी धाकधूक वेगळीच होती. गाडीच्या पंचनाम्याला पोलीस शेवटी आमच्या दारात आलेच होते. आता टोपली येईल का?

रोज सकाळी कान गेटकडे. पुढच्या गल्लीत दुसऱ्या कोळणीची हाक ऐकू यायची, आमच्याकडे कोणी नाही. जेरोम पेपर उलटा धरून ओट्यावर बसायचे.

आज हिराबाईची सून आली. डोक्यावर सासूची टोपली. गल्लीतली तीन घरं ओलांडून ती सरळ आमच्या ओट्यावर उतरवली आणि म्हणाली, आईने सांगितलंय, बोहनी इथंच करायची.

मी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.