शेपटीचे सात दोरे

मामाच्या विमानाचे दोरे मी सोडले. विचारलं कुणालाच नाही.

तो शुक्रवार होता. उड्डाणाच्या परवानगीच्या कार्यालयाला विमानाचे चारही बाजूंनी फोटो हवे होते आणि झेरॉक्सच्या दुकानात कामाला असल्यामुळे घरातला अधिकृत फोटोग्राफर मीच. शेपटीवर लाल लोकरीचे दोरे लोंबत होते. इतकं देखणं यंत्र आणि मागून चिंध्या! फोटोपुरते काढू, मग बांधू, असं म्हणून मी ते सोडले आणि खिशात टाकले. चार फोटो झाले. तेवढ्यात दुकानाच्या मालकाचा फोन आला, "अरे, शाई संपली, गिऱ्हाईक उभं आहे." मी सायकल मारली. दोरे खिशातच राहिले.

हा वेंधळेपणा किती मोठा, ते कळायला आधी मामा कळायला हवा.

मामाने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. "लोकांना वर पाठवलं आणि स्वतः खड्ड्यात उभा राहिलो," असं तो स्वतःच सांगतो. निवृत्तीला सात वर्षं उरली असताना त्याने विमानाचे नकाशे मागवले. मामीला वाटलं कपाट करतोय. पहिली तीन वर्षं ते कपाटासारखंच दिसायचं, त्यामुळे घरात शांतता होती. मग पंख आले. पंख शेडमध्ये मावेनात म्हणून मामीच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सरकल्या, आणि तेव्हापासून मामी विमानाचा उल्लेख 'कपाट' असा न करता 'माझी सवत' असा करायला लागली. मध्येच मामा चाळीस तास उडायला शिकून आला. घरी मात्र त्याने "मशीनचा कोर्स आहे" एवढंच सांगितलं होतं. तसं ते खोटंही नव्हतं.

त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. लिफ्टच्या कामात एक रीत असते. मुख्य बटण बंद करून त्यावर आपली लाल पट्टी अडकवायची आणि मगच लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं. ती पट्टी ज्याची, त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा एका नव्या पोराने ती 'कुणीतरी विसरलेली दिसते' म्हणून काढून ठेवली. बाकीची गोष्ट करंगळी सांगते. म्हणून विमानावरही तोच कायदा. जो नट पूर्ण झाला नाही, त्यावर लाल दोरा. ज्याने बांधला, त्यानेच सोडायचा. लोकर मामीच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची.

आणि मी तो नवा पोरगा. चोवीस वर्षांचा, पण पोरगाच.

दोरे बांधले होते वेल्डरने. वेल्डर हा मामाचा जोडीदार. दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा नाही म्हणायला. शेपटीची जी फळी विमानाचं नाक वर-खाली करते, तिचे सात नट त्याने उघडले होते, कारण फळी किंचित अडकत होती. नटाच्या खाचेतून एक बारीक पिन ओवून तिची टोकं वाकवायची असतात, म्हणजे इंजिनाच्या थरथरीने नट फिरून गळून पडत नाही. जुनी पिन परत वापरायची नाही. नव्या पिना यायच्या होत्या. म्हणून वेल्डरने नट नुसते हाताने फिरवून ठेवले, सात दोरे बांधले आणि शुक्रवारी सकाळीच लेकीकडे गेला. सोमवारी येऊन पिना घालणार होता.

शनिवार दुकानातच गेला. रविवारी सकाळी मी दोरे घेऊन शेडवर पोचलो, तर शेड रिकामी! मामी दारात उभी.

"गेले सगळे मैदानावर," ती म्हणाली. "वारा नाही म्हणे. तू जा, मी नाही येणार. मला ते बघवत नाही."

मैदानावर विमानाला पंख जोडून झाले होते. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. फ्लाइंग क्लबची चार माणसं बाजूला उभी होती. मला बघून मामा लांबूनच ओरडला, "अरे, वेल्डर भारी निघाला की! पिना आल्या वाटतं, जाण्याआधी सगळं उरकून गेला. एक दोरा ठेवला नाही पठ्ठ्याने. मी शेपटीची झाकणं लावून टाकली."

खिशात हात घातला, तर लोकर बोटांना चिकटली. घामाने.

आता सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण गेल्या हिवाळ्यात मी पंखाच्या पत्र्याला चुकीच्या जागी भोक पाडलं होतं, तेव्हा मामा रागावला नव्हता, फक्त म्हणाला होता, "आणखी एकदा असं झालं तर तू लांबून बघायचं." ते वाक्य आठवलं आणि मी तोंड मिटलं. मग मी स्वतःची समजूत घातली. आज नुसतं जमिनीवर पळवणार आहेत. नट हाताने तरी आवळलेले आहेतच. भित्र्या माणसाला कारणं फार पटकन सुचतात.

"मामा," मी म्हणालो, "आज फक्त पळवणार ना?"

"पळवू. बरं वाटलं तर उचलू थोडं."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे जमिनीपासून सुटेल इतकं. लिफ्ट अर्ध्या मजल्यावर थांबते का कधी? थांबली तर मला बोलावतात." चौघे हसले. मी पण हसलो, आणि माझं हसणं मलाच शेळीसारखं ऐकू आलं.

माझं काम ठरलेलं होतं. इंजिन चालू झालं, वेग वाढवून बघायचा झाला, की मागे उभं राहून शेपूट धरायची. मामाने हात वर केला की सोडायची. इतकं सोपं काम की मलाही दिलं होतं.

इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, मग गुरगुरलं, मग त्याने आवाजाची भिंतच उभी केली. गवत आडवं झालं. मी शेपूट धरली आणि ती थरथर माझ्या कोपरातून दातांपर्यंत आली. हीच ती थरथर. झाकणाच्या आत, माझ्या पंजापासून वीतभर अंतरावर, सात नट हीच थरथर खात होते. मला दिसत काहीच नव्हतं, पण मला वाटायला लागलं की मला ऐकू येतंय. एक आटा. अजून एक आटा.

वर गेल्यावर नाक वर-खाली करायची फळी सुटली तर काय होतं, हे मामानेच मला कागदाच्या विमानावर समजावलं होतं. ते कागदाचं विमान सरळ जमिनीत घुसलं होतं.

मामाने हात वर केला.

मी सोडलं नाही.

त्याने पुन्हा हात हलवला. मी शेपटीला दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल पत्र्याला टेकवला आणि पाय गवतात रोवले. चपला निघाल्या. विमान मला ओढत हातभर पुढे गेलं. क्लबमधलं कुणीतरी ओरडलं, "सोड रे, गाढवा!" डोळे मिटलेले असल्यामुळे मला गाढवपणा जास्त चांगला जमत होता.

मग आवाज बंद झाला. इतका अचानक, की कान दुखले.

मामा उतरून मागे आला. "हात अडकला का?"

मी खिशातून लोकर काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने दोरे बघितले, मग मला बघितलं, मग अर्ध्या करंगळीने दोरे एकेक करून सारखे केले.

"कधी?"

"शुक्रवारी. फोटोसाठी."

"आणि आत्तापर्यंत?"

"भीती वाटली."

"कुणाची? माझी?" तो म्हणाला. "माझी वाटली होय. माझ्यासाठी नाही."

हे मला मारापेक्षा जास्त लागलं.

त्याने स्क्रूड्रायव्हर मागवला आणि झाकणं स्वतः काढली. सात नटांत एकही पिन नव्हती. पाच जागच्या जागी होते. एक अर्धा आटा सैल होता. सातव्याला मामाने नुसतं बोट लावलं आणि तो त्याच्या तळहातात पडला, पिकलेलं फळ पडावं तसा. तो मामाने मुठीत धरला आणि तिथेच गवतात खाली बसला. इस्त्रीच्या शर्टासकट.

तो म्हणाला, "दोरा नाही म्हणून मी झाकण लावलं. आत डोकावलो नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो, पट्टीवर नाही, डोळ्यावर विश्वास ठेवा." मग माझ्याकडे न बघता, "घरी काही बोलू नकोस. ते मीच सांगतो."

त्याने खरंच सांगितलं. मामीने सगळं ऐकून घेतलं, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मामाशी पाच. हिशोब मला योग्यच वाटला.

सोमवारी वेल्डर आला. मला वाटलं आता हा मला वेल्डच करणार. त्याने पिना घातल्या, नट हलला तर कळावं म्हणून त्यांवर पिवळ्या रंगाचे ठिपके दिले, हात पुसले आणि माझ्यापुढे पंजा पसरला. मामाने परत दिलेले दोरे मी दिले. त्याने मोजले.

"सात बांधले होते," तो म्हणाला. "हे सहा."

खिसा उलटा केला. खिशाला भोक होतं. सातवा दोरा विमानाच्या आत राहिला असेल तर आतल्या कुठल्याही कप्पीत अडकेल, म्हणून पुढचे तीन आठवडे आम्ही तिघांनी सगळं विमान उघडून, आरसा आणि बॅटरी घेऊन प्रत्येक कोपरा तपासला. आत दोरा नव्हता. बहुतेक सायकलवरून येताना रस्त्यातच कुठेतरी गळाला असणार.

चौथ्या रविवारी पुन्हा वारा पडला होता. मामाने स्वतः प्रत्येक नटाला बोट लावलं, वेल्डरने लावलं, मग मला लावायला लावलं. शेपूट धरायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा मी मागे सरकलो.

"तूच," मामा म्हणाला. "बाकीच्यांना फक्त सोडता येतं."

या वेळी मी सोडलं. विमान पळालं, हललं, आणि चाकांखाली उजेड दिसला. सहा मिनिटं मी उभा होतो की बसलो होतो, आठवत नाही. वेल्डरने माझा दंड धरला होता, तो धरून ठेवायला की स्वतः उभं राहायला, तेही कळलं नाही. मैदानाच्या कडेला मामी पाठ करून उभी होती. "आला का? आला का?" असं ती झाडाला विचारत होती. मामा उतरला, तेव्हा सगळ्यात आधी मीच खाली बसलो.

शेडमध्ये आता एका फळीवर सात खिळे आहेत. वेल्डरने सहांवर धुतलेले दोरे अडकवून ठेवलेत. सातवा खिळा रिकामा. मी मामीकडून त्याच लोकरीचा दोरा कापून त्याला दिला, तर त्याने परत केला.

"मी बांधलेला आण," तो म्हणाला.

अजूनही तो शेडमध्ये भेटला की आधी माझ्या खिशाकडे बघतो.