दारावरचं नाक

मावशींचं काम सांगायला सोपं: दारात उभं राहून माणसं हुंगायची. चिपच्या कारखान्यातल्या स्वच्छ दालनात जाणाऱ्या प्रत्येकाला पांढरा झगा, टोपी, मास्क चढवायचा आणि पावडर, अत्तर, काजळ लावून आलेल्याला नळाची वाट दाखवायची. एकोणीस वर्षं हेच. लग्नानंतर नटूनथटून कामावर आलेल्या एका नव्या नवरीला त्यांनी तीनदा तोंड धुवायला लावलं होतं.

आता तिथे नव्या चिप बनू लागल्या होत्या. इमारतीवर मजले चढवावेत तसे थरावर थर, आणि रेघा इतक्या बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावाव्यात. उद्याची यंत्रं म्हणे यांच्याच अकलेवर चालणार. अशा नाजूक मालावर धुळीचा कण म्हणजे डोक्यात धोंडाच. म्हणून इंजिनिअरसाहेबांनी दारात गेट आणलं. ते वाऱ्याचा झोत मारायचं, कण मोजायचं, हिरवा दिवा लावायचं. महिनाभर नीट चाललं की मावशींची रवानगी भांडारात, खोकी मोजायला. तोवर त्यांनी स्टुलावर बसून नुसतं बघायचं.

साहेब म्हणजे मावशींचे सख्खे जावई. घरी ते त्यांना 'आई' म्हणत, कारखान्यात 'मावशी'. त्याही इथे 'साहेब'च म्हणत. नातं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं, असा दोघांचा शिरस्ता.

गेट हिरवंगार, पण चिप ज्यांच्यावर कोरतात त्या चकत्यांवर ठिपके पडू लागले. तेही फक्त दुपारी. संशय मिशीवर गेला आणि एका तंत्रज्ञाने वीस वर्षं पोसलेली मिशी उतरवली. मिशी गेली, ठिपके राहिले.

मावशींना तिसऱ्याच दिवशी लवंगेचा वास आला होता. जेवण झालं की जावई पाण्याच्या टाकीमागे जात आणि लवंग चघळत परत येत. सिगारेट सोडल्याची शपथ त्यांनी बायकोसमोर घेतली होती. बोलावं तर लेकीच्या घरात महाभारत. गप्प बसावं तर गेट आपोआप तोंडघशी पडतं आणि आपलं स्टूल शाबूत. मावशी गप्प बसल्या. मग एकदा तो तंत्रज्ञ रिकाम्या ओठावरून बोट फिरवत समोरून गेला, आणि त्यांना राहवेना.

दुपारी साहेब आले. झगा चढवला, गेटात शिरले. हिरवा.

"जावईबापू," मावशी म्हणाल्या. दारात, पहिल्यांदाच. "दोन पेले पाणी प्या आणि वीस मिनिटं इथे बसा."

"मावशी, दिवा हिरवा आहे."

"तो अंगावरची धूळ बघतो. छातीतला धूर मागाहून श्वासाबरोबर निघतो, तो त्याला कुठून दिसणार?"

"कसला धूर?"

"लवंगेचा म्हणू या."

साहेब दोन पेले पाणी पिऊन बसले. त्या दुपारी एकही ठिपका पडला नाही.

साहेब माणूस सरळ. अहवालात स्वतःच लिहिलं, 'कण माझ्या श्वासातले होते. गेटाला वास येत नाही. दारावर मावशी हव्यात.' कारखान्याच्या मोठ्या बाईंनी सही केली आणि विचारलं, "आणि त्या तंत्रज्ञाच्या मिशीचं काय?"



आता दारात गेटही आहे आणि मावशीही. शेजारी दुसरं स्टूल आलंय. जेवणानंतर साहेब तिथे पाणी पीत बसतात. परवा हळूच म्हणाले, "आई, घरी काही बोलू नका हं."

"मी कशाला बोलू?" मावशी म्हणाल्या. "पण नाक लेकीनं माझंच घेतलंय, एवढं लक्षात असू द्या."