आयत्या वेळचा विषय

आमच्या आबांचा आवाज मोठा होता आणि त्या आवाजावर आमचा ऊस वेळेवर तुटायचा. हे वाक्य परगावच्या माणसाला सांगितलं की तो नुसता बघत राहतो, म्हणून सविस्तर सांगते.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर आमच्या गावाची सासनकाठी जायची, तेव्हा ‘चांगभलं’ आबा, म्हणजे माझे वडील, उठवायचे. त्यांनी हाक दिली की मागची शे-दोनशे माणसं आपोआप गरजायची. हा गुण आमच्या साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी बरोबर हेरला. कारखाना सहकारी, म्हणजे ऊस घालणारे शेतकरीच त्याचे मालक. वर्षातून एकदा सगळ्या मालकांनी मांडवात जमावं आणि कारभाराचा जाब विचारावा, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे सभेच्या दिवशी उजाडायला गावात जीप यायची. आबांसारख्या भरवशाच्या सभासदांना त्यात घालून न्यायचे, उप्पीट-चहा द्यायचे आणि पुढच्या खुर्च्यांवर बसवायचे. व्यासपीठावरून विषय वाचला गेला की आबा उठून ‘मंजूर!’ म्हणायचे आणि मागच्या रांगा तेच उचलायच्या.

एखादा प्रश्न विचारायला उठलाच, तर त्याचीही सोय होती. व्यासपीठाच्या कोपऱ्यात अध्यक्षांचा एक कार्यकर्ता उभा असायचा. तो खांद्यावरचा टॉवेल झटकायचा. टॉवेल हलला की आबांनी ‘मंजूर’ सुरू करायचं, आणि त्या कल्लोळात प्रश्न बुडायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर मिळायची आणि तोंड गोड व्हायचं.

याच्या बदल्यात हंगाम सुरू झाला की तोडणीची टोळी आधी आमच्या रानात उतरायची. उसाचं असं आहे, वेळेत तुटला तर वजन भरतं. उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला की तुरा येतो, कांडी वाळते, आणि वर्षभराचं पाणी-खत पाचोळ्यात जातं. त्यामुळे आई आबांच्या घशाची फार काळजी घ्यायची. सभेच्या आदल्या रात्री त्यांना हळदीचं दूध मिळायचं. आम्हा पोरांना मात्र ताप आल्याशिवाय ते दिसायचं नाही.

आमच्या बांधाला लागून आत्तीचं रान होतं. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण, गावातच दिलेली. मी शाळेत असताना तिच्या यजमानांनी सभेत उठून विचारलं होतं, उसाची लागण आधी माझी, मग तोड शेवटी का? वाक्य पुरं झालं नाही. टॉवेल हलला आणि पहिलं ‘मंजूर’ आबांनीच दिलं, सख्ख्या मेव्हण्याच्या तोंडावर. त्यानंतर आत्तीचा ऊस दर वर्षी उन्हात उभा. पुढे यजमान गेले, शेअर तिच्या नावावर झाला. शेअर वारशानं आला तशी शिक्षाही वारशानंच आली.

तरी ती दर वर्षी सभेला जायची. बाई माणूस तिथं कशाला, असं भावकी म्हणायची. “शेअर माजा हाय, मी जानार की,” एवढंच तिचं उत्तर. मांडवाच्या अगदी मागे, जिथं खुर्च्या संपायच्या तिथं जमिनीवर ती बसायची, आणि संध्याकाळी येऊन भावाच्या हातचा चहाही घ्यायची. त्या दिवसाबद्दल ती आबांना कधी एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर आबांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कोल्हापुरात कॉमर्स कॉलेजला होते, शिवाजी पेठेत एका खोलीत तीन मुली. तिथं कंपनी कायदा शिकताना वाचलं की कंपनीला जाब विचारणारे भागधारक काही आजचे नाहीत. चारशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये मसाल्याच्या व्यापाराची एक कंपनी निघाली. लोकांनी पैसे घातले, पण संचालक हिशेब दाखवेनात. लोक कुरकुरले, अर्ज केले, पत्रकं छापली. मग कंपनीने लाभांश दिला तो काही वेळा पैशांत नाही, मसाल्यात. जायपत्री घ्या, मिरी घ्या.

सुट्टीत घरी आल्यावर हे मी मोठ्या ऐटीत सोप्यात बसून सांगितलं. आबा हसले. आत्ती शेंगा फोडत होती.

“घेतली व्हय मिरी त्यास्नी?” तिने विचारलं.

“काहींनी घेतली.”

“घेनारच. आमी साखर घेतोय की.”

मी एवढी वह्या भरभरून शिकलेली, आणि मला हे सुचलं नव्हतं. मला गंमतही वाटली आणि थोडा रागही आला. आत्तीने सूपभर शेंगा फोडून झाल्यावर आबांकडे बघून सांगितलं की यंदा ती सभेत बोलणार.

आबांचं हसू गेलं. “आक्का, मी म्होरं बसलेला असतोय. माज्याच तोंडावर बोलनार तू?”

“तुज्या न्हाय, अध्यक्षांच्या. तू फकस्त गप बस.”

“गप बसलो तर ऊस कोन तोडनार माजा? तुजं बघतोय की दर साली.”

आत्ती उठून गेली. आई म्हणाली, बहिणीसाठी रान वाळवायचं असेल तर आधी पोरीची फी कुठनं भरायची ते सांगा. सभेत गप बसेन असं आबा काही बोलले नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

सभेला मी आत्तीची सोबत म्हणून गेले. आबा पहाटेच जीपमधून पुढे गेले होते. मागे बसल्यावर कळलं की मांडवाच्या त्या टोकाला व्यासपीठावरचं काही पोचतच नाही. कर्णे सगळे पुढच्या बाजूला. विषय वाचले जात होते म्हणे. आम्हाला एवढंच कळायचं की मध्येच आबांचा आवाज यायचा आणि गर्दी गरजायची.

शेवटचा विषय ठरलेला असतो: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. तो कधी येतच नाही, तो वाचतानाच आभार सुरू होतात. आत्तीला हे पाठ होतं. ती आधीच पदर खोचून कडेकडेने चालत व्यासपीठाखाली पोचली होती, मी तिच्या मागे.

“माजा विषय हाय,” ती म्हणाली.

“बोला आक्का, बोला,” अध्यक्ष हसून म्हणाले आणि माइकवाल्याने कळ दाबून माइक बंद केला. पण आवाज काय एकट्या आबांना मिळाला नव्हता. दोघं भावंडं लहानपणी शाळूच्या राखणीला माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची. आत्तीने मांडवाकडे तोंड फिरवलं आणि माइकशिवाय सुरुवात केली.

टॉवेल हलला.

आबा तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी टॉवेल बघितला, हे मी बघितलं. मागच्या रांगा त्यांच्या आवाजाची वाट बघत होत्या, आणि आवाज येईना. टॉवेल पुन्हा हलला, या वेळी जोरात. आबा मांडीवरची टोपी नीट करत होते.

“ज्याची लागण आदी, त्याची तोड आदी,” आत्ती म्हणत होती. “आनि त्याची यादी हरेक गावात चावडीच्या फळ्यावर लावा, कुनालाबी वाचता येईल अशी. माजं एवडंच हाय.”

तिचं पुरं झालं. मग आबा उठले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, “मंजूर!”

मागच्या रांगा केव्हापासून तोंड आवळून बसल्या होत्या. त्या अख्ख्या तुटून पडल्या. मंजूर, मंजूर, मंजूर. काय मंजूर केलं ते अर्ध्यांना माहीत नव्हतं. अध्यक्ष हात वर करून काही सांगत होते, पण माइक बंद होता. मागून हसण्याचा लोट आला, मग टाळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांकडे बघायची हिंमत झाली नाही.

“घसा बसलेला, म्हनून उशीर झाला. टावेल बगूनच वरडलो की,” आबा कार्यकर्त्यांना सांगत राहिले, नंतर गावालाही तेच सांगत राहिले. हळदीचं दूध पिऊन बसलेला घसा!

त्या हंगामात यादी खरंच लागली. लोक चावडीपुढे उभे राहून आपलं नाव शोधायचे. आत्तीकडे सगळ्या गावाचं लक्ष होतं, त्यामुळे तिचा ऊस क्रमाने तुटला. यादीत आमचंही नाव होतं. पण आमच्या वाटेवर अचानक चिखल झाला, मग ट्रक मिळेना, मग टोळी आजारी पडली. अलीकडचं रान तुटलं, पलीकडचं तुटलं, मध्ये आमचा ऊस तुरे घेऊन शिमग्यापर्यंत उभा. आई आबांशी महिनाभर धड बोलली नाही. माझी फी त्या वर्षी आत्तीने भरली, आणि ते आमच्या घरी कुणाला आवडलं नाही.

पुढल्या साली यादी एकदा लागली, पावसाने भिजली, आणि परत लागायला लोकांना भांडावं लागलं. अजूनही भांडावं लागतं. मी पुढे कंपनी कायद्याचीच प्राध्यापक झाले. पारदर्शकता हा शब्द फळ्यावर लिहिताना मला दर वेळी आबांची टोपी आठवते.

आत्ती बोलली त्याच्या पुढल्या सालच्या सभेला जीप आली नाही. आबा आमच्यासोबत एसटीने आले आणि पहिल्यांदाच मागे, आत्तीच्या शेजारी जमिनीवर बसले. सभा सुरू झाली. पुढे कुणीतरी नवा माणूस ‘मंजूर’ उठवत होता, पातळ आवाजाचा. आबा मान पुढे काढून, कानामागे हात धरून ऐकायला बघत होते. बराच वेळ त्यांनी प्रयत्न केला.

“आक्का, हितं तर काईच ऐकू येत न्हाय,” ते शेवटी म्हणाले. “एवडी वर्सं तू हितं बसून काय ऐकत हुतीस?”

आत्तीने पुढेच बघत सांगितलं, “तुलाच की.”