आईची सपरीतली विळी

मित्रहो, आईच्या विळीचा खसखस आवाज सकाळपासून कानात आहे. मटण-कोंबडीची तिची विळी वेगळी होती, घराबाहेरच्या सपरीतच, पडवीत, राहायची. शिकल्यावर मी त्याला सोवळं म्हणून हसलो.

रविवारी शालिकच्या दुकानातून कोंबडी आणली. घरातल्या एकुलत्या विळीवर तिचे तुकडे केले, विळी फडक्याने पुसली आणि तिच्यावरच काकडी चिरली. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या नातीला ताप, जुलाब. अजून सलाईनवर आहे.

मी रागात याच ग्रुपवर लिहिलं, "शालिक सडकी कोंबडी विकून राहिला." त्याच्या दुकानात कुणी फिरकेना.

आज डॉक्टर म्हणाले, "ताज्या कोंबडीतही जंतू असू शकतात. रस्सा उकळला, तिथले मेले. विळीवरचे काकडीत गेले."

सून एवढंच बोलली, "मामाजी, विळी तुम्हीच पुसली होती ना?"

शाळेतल्या कविता आजही तोंडपाठ आहेत. आईचा एक नियम तेवढा मला सांभाळता आला नाही.

शालिकचा दोष नव्हता. आता त्याला कोणत्या तोंडाने भेटू, सांगा.

हे लिहूनच राहिलो होतो, तर कडी वाजली. दारात शालिक, हातात पाण्याचा नारळ.

"माह्या दुकानाचं राहू द्या, काकाजी. नातीन कशी आहे?"