उजवा कौल

आबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांना गुडघ्यांपेक्षा देवीची काळजी लागली. देवी म्हणजे आमच्या जुन्या गावची. गाव अभयारण्यात गेलं आणि आम्हाला खाली सांगलीकडच्या माळावर आणून बसवलं. निघताना गावकऱ्यांनी तिच्या दगडाला पाकळ्या चिकटवून कौल लावला, येतेस का म्हणून विचारलं. डावीकडची पाकळी पडली, म्हणजे नाही. देवीला एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही, ही आमची रीत. तेव्हापासून ती वर जंगलात एकटी, आणि आम्ही वर्षातून एकदा परवानगी काढून तिच्या भेटीला जाणारे.

"ह्या बारीला परत इचारनार हाय," आबा म्हणाले. "फुडल्या वर्साला मला चढवत न्हाई. तिला दिवा कोन लावंल?"

"आवं आबा, दोनदा इचारत न्हाईत ना?" मी, त्यांची नात, म्हणाले.

"लागू दे पाप."

फौजेत आयुष्य काढलेला माणूस. मी घोंगडी पिशवीत घातली, देवीला गुंडाळून आणायला.

वनखात्याच्या नाक्याच्या अलीकडे धबधब्याखाली सहलीची पोरं फोटो काढत होती. "काका, वर काय आहे बघायला?" एकाने विचारलं. "माजं घर हाय," आबा म्हणाले. पोरगं हसलं. एक ठेवून द्यावी असं मला वाटलं.

पुढे वनरक्षक सोबत आला. गाव म्हणजे आता कारवीच्या झुडपांत बुडालेली जोती. वीरगळाचा दगड निम्मा मातीत गेलेला, वरचा घोडेस्वार शेवाळानं पुसलेला. आबा काठीने दाखवत होते, हे सुताराचं, हे पाटलांचं. आमचं जोतं काही त्यांना यंदा सापडलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण त्यांना म्हटलं, चला, देवीला उशीर होतोय.

देवळाचं छप्पर कधीच बसलेलं. आबांनी पाचोळ्यातून वर आलेला दगड धुतला, दोन्ही खांद्यांना पाकळ्या लावल्या आणि समोर बसले. वनरक्षकानेही टोपी काढली. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी पडली.

"येतीया! आई येतीया!" आबा लहान पोरासारखे रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी घाईने पाचोळा उपसला. दगड हलेना. मागच्या उंबराचं मांडीएवढं मूळ तिच्या कमरेला वेढा घालून जमिनीत गेलं होतं.

"मूळ तोडाय येत न्हाई, आबा," वनरक्षक हळूच म्हणाला. "कायदा हाय."

"तुजा कायदा ऱ्हाऊ दे. देवराईतली वाळकी काटकीबी आमी कवा चुलीत घातली न्हाई. मी कोयता लावीन व्हय रं?"

मग कितीतरी वेळ ते त्या मुळावर हात ठेवून बसले. "ती कवाची तयार असंल," ते मला म्हणाले. "आपनच परत इचारलं न्हाई. आता न्हेता येत न्हाई, ह्ये तिला सांगायचं कुनी?"

खाली उतरायची वेळ झाली, असं वनरक्षकाने दोनदा सांगितलं. आबांनी हात जोडले. मग त्यांनी पिशवीतली घोंगडी काढून देवीच्या अंगावर पांघरली, चारी बाजूंनी नीट खोचली.

"बस हितंच," ते तिला म्हणाले. "येतो न्यायला."

आणि माझ्या खांद्याला धरून एकेक पाऊल टाकत उतरू लागले.