मुरुडशेंगेचे वेढे

बहात्तरच्या दुष्काळानंतर न्हावऱ्याच्या बाजारात एक म्हातारी बाळगुटीची औषधं विकायला बसायची. माझं पहिलं लेकरू पोटात मुरडा येऊन काळंनिळं व्हायचं. तिनं मुरुडशेंग दिली, म्हणाली, "रोज दोन वेढे दे."

मी मोठी हुशार. शेंगेला रोज दोऱ्याचे दोन वेढे देऊन ती पाळण्याला टांगली.

पुढच्या बाजारी हे ऐकून ती हसली नाही. "अगं पोरी, वेढा म्हंजी दुधात सहाणेवर एकदा गोल उगाळायचं."

तिच्या बटव्यात एक अर्धी झिजलेली शेंग दिसली. "हीच द्या की, मावशी."

"ती इकायची न्हाई. एवढी झिजंस्तवर माझं लेकरू होतं."

आता मी पणतवंडाची गुटी उगाळते. शेंग झिजून पार संपली, की बोट सहाणेला घासतं आणि मला बरं वाटतं; लेकरू शेंगेला पुरून उरलं.