वरचा आवाज, खालचा आवाज

आमची गाडी जुनी असली तरी नवऱ्याचं तिच्यावरचं प्रेम अजून कोरं करकरीत आहे. त्यामुळे भाट्याचा पूल ओलांडून पावस गावच्या रस्त्याला चढ लागला की इंजिनातून खटखट येते, हे त्याला पटवणं कठीण होतं. मी नीट लक्ष ठेवलं होतं. गाडी थंड असताना आवाज कमी, तापली की वाढतो, चढावर सगळ्यात जास्त.

"कसला आवाज? लोण्यासारखी चाललीय," तो म्हणायचा. "तुझ्या पिशवीतला डबा वाजत असेल."

मी डबा घरी ठेवला. मग दोष दरवाज्यावर गेला, तिथून खड्ड्यांवर, आणि शेवटी माझ्या स्वभावावर येऊन थांबला.

आत काही झिजलं असेल आणि आपण तशीच चालवत राहिलो, तर इंजिन एक दिवस जाम होणार आणि गाडी भंगारात जाणार, एवढं मला कळत होतं. मी तिला भंगारात घालायला केव्हाच तयार होते. तो मुळीच नव्हता. पण तयारी सगळी तोच करत होता.

अखेर ऑइल बदलायच्या निमित्ताने गॅरेज गाठलं. मेस्त्रींनी बॉनेट उघडून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि त्याची मूठ स्वतःच्या कानाला लावली. टोक आधी इंजिनाच्या वरच्या भागाला, मग खालच्या.

"वहिनी, वरचा आवाज असता तर झडपांचे टॅपेट सेट करून दिले असते. हा खालचा हाय. बेअरिंग झिजलंय. इंजिन खोलायला लागंल."

"मला तर काहीच ऐकू येत नाही," नवरा जिंकल्यासारखा म्हणाला.

"मग ऐका की, भाऊ." मेस्त्रींनी टोक इंजिनावरच ठेवून स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याच्या कानामागच्या हाडावर दाबली.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, हे कधीपासून?"

"गणपतीपासून."

"मग सांगायचं नाही?"

मेस्त्रींनी गाडी बंद केली आणि पाठ वळवून विचारलं, "भाऊ, च्या सांगू काय?" मी हो म्हटलं.

"किती दिवस लागतील?" चहाचं काहीच ऐकू न आलेल्या नवऱ्याने विचारलं.

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "आता कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊ."

"मला ऐकू येतं. स्क्रूड्रायव्हर लागतो एवढंच." इंजिन खोलायला मात्र त्याने लगेच होकार दिला.

आता सुरू करू नका, ढकलतच आत घ्या, असं मेस्त्री म्हणाले. मी स्टिअरिंगवर बसले, तो मागून ढकलू लागला.

"डावीकडे घे!" तो ओरडला. रस्त्यापलीकडचा रिक्षावालासुद्धा डावीकडे सरकला.